डिपरचं बटण

३ नोव्हेंबर, मंगळवार

फोरमनबाईंस,

हे पत्र माफीचं नाही आणि समेटाचंही नाही. आईच्या फोनवर तुझा आवाज रोज घरात येतो, मी फोन उचलला की बंद होतो. म्हणून लिहितो आहे. पत्र फाडता येतं, पण त्यासाठी आधी हातात तरी घ्यावं लागतं.

काम आहे. गाडीचा डिपर लागत नाही.

तुला समजावून सांगायची गरज नाही, पण लिहिताना माझं डोकं साफ होतं म्हणून सांगतो. आपल्या गाडीत डिपर स्टिअरिंगला नाही, पायाशी आहे. क्लचच्या डावीकडे, पत्र्यावर ते गोल बटण. डाव्या पायाने दाबलं की हेडलाइटचा झोत खाली, पुन्हा दाबलं की वर. लहान असताना तू ते दोन्ही हातांनी दाबायचीस आणि बाहेर पळत जाऊन गाडी डोळा मारते का ते बघायचीस. तर आता मी दाबतो आणि झोत वरच्या वर राहतो. समोरचे खाणीचे ट्रक माझ्या नावाने शंख करत जातात. परवा एकाने राग येऊन आपलेही दिवे वर टाकले. मला काही क्षण रस्ताच दिसला नाही.

आईची डायलिसिसची पाळी मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवस पहिली. दुसऱ्या पाळीला जागा नाही. पहिल्या पाळीला पोचायचं तर अंधारात निघावं लागतं, आणि हिवाळ्यात अर्धा रस्ता अंधारातच जातो. पहिली बस तिथे पोचेपर्यंत पाळी निम्मी संपलेली असते. भाड्याच्या गाडीवाल्यांना त्या वेळी उठवायला गेलं की त्यांची टायरं पंक्चर असतात. म्हणजे आईचं मशीन या बटणावर आहे असं समज.

गेली दोन वर्षं ते जरा सुस्तावलं होतं. दाबलं की क्षणभर थांबून मग झोत खाली यायचा. जुना माल आहे, त्यालाही विचार करायला वेळ लागत असेल, असं मी आईला म्हणायचो. ती हसायची. पण लागायचं. गेल्या महिन्यापासून मात्र पार बसलं. आणि नेमकं आत्ताच, जेव्हा आईला बसवत नाही, ती मागच्या सीटवर आडवी होऊन येते आणि मला बोलायलाही शेजारी कोणी नसतं.

गेल्या वेळी आलीस तेव्हा ‘अंधारात गाडी चालवू नका’ म्हणालीस. का, ते विचारलं तर आईच्या तोंडाकडे बघत गप्प बसलीस. दुसऱ्या दिवशी किल्ली लपवलीस, ती साखरेच्या डब्यात, कारण मधुमेहाचा माणूस तिकडे फिरकणार नाही असा तुझा अंदाज. माझा हात त्या डब्यात रोज जातो. त्यानंतर मी जे बोललो ते तुझ्या लक्षात असेलच. ज्या घरात राहत नाहीस त्या घरात हुकूम चालवू नकोस, असं काहीतरी.

ते असू दे. डिपरचं काय करू ते कळव.

तुझा बाप

८ नोव्हेंबर, रविवार

फोरमनबाईंस,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टाला वेळ लागतो असं धरून चालतो.

आज सगळं तपासलं. माझी पद्धत तुला माहीत आहे, पंपहाउसच्या मोटारींवर आयुष्य गेलं त्यात ती कधी बदलली नाही. जिथे काम दिसायला हवं तिथून मागे मागे यायचं. आधी दिवे काढले. दोन्ही दिव्यांच्या आतल्या दोन्ही बारीक तारा शाबूत. मग होल्डर, त्यातला हिरवा गंज खरवडला. मग फ्यूज. मग तारा, बोटांच्या चिमटीत धरून शेवटपर्यंत. शेवटी बटण. त्याला तीन टोकं: एकातून वीज येते, दुसऱ्यातून वरच्या झोताला जाते, तिसऱ्यातून खालच्या. टेस्ट लॅम्प लावून बघितलं, तिन्ही ठीक.

शेजारचे टेलर गाडीसमोर उभे राहिले. मी डोकं खाली आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत हाताने बटण दाबत होतो.

“खाली,” टेलर म्हणाले. “वर. खाली. वर. काका, हे तर माझ्या मशीनपेक्षा झकास चालतंय.”

एकदाही चुकलं नाही. उभ्या गाडीत चालतं आणि रस्त्यावर चालत नाही. याचा अर्थ तापलं की सोडतं. सगळ्या हेडलाइटचा भार त्या एवढ्याशा बटणातून जातो, आतला तांब्याचा तुकडा जळून काळा पडला असणार. उद्या उघडतो.

तू असतीस तर माझ्यावर हसली असतीस. तू फोरमन आहेस त्या खात्यात लिफ्ट बिघडली की आधी बटण दाबणाऱ्या माणसाला विचारतात, मग यंत्राकडे बघतात, असं तू मला ऐकवलं होतंस. माणसाचं बोट हाही जोडणीचा भाग असतो म्हणे. मी म्हणालो होतो, हे तुमचं शहरी कौतुक. यंत्र खोटं बोलत नाही, त्यालाच विचारावं.

आई बरी आहे. म्हणजे जशी आहे तशी. पायांवरची सूज दाबली की खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. माझ्याही पायाला एक भाजल्याचा फोड आला आहे. गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपलो होतो, आईने सकाळी पाहिला. ओरडली. मला दुखत नाही तर तिला कशाला दुखायला हवं?

तुझा बाप

१५ नोव्हेंबर, रविवार

फोरमन,

बटण उघडलं. आतला तांब्याचा तुकडा अगदीच काळा नव्हता, पण घासून चकचकीत केला. स्प्रिंग ताणली. पुन्हा बसवलं आणि मंगळवारी निघालो. पुलाच्या अलीकडे पहिला ट्रक आला. मी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा असा दाबला पाय की पत्र्याला भोक पडावं. झोत वरच. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन दिवे बंद करून उभा राहिलो. पुढे प्रत्येक गाडीला तेच केलं. थांबत, बंद करत, चालू करत पोचलो तेव्हा उशीर झाला होता. सिस्टर म्हणाली, “आजोबा, मागच्या पेशंटला उभं ठेवून मी तुम्हाला वेळ वाढवून देऊ का?” जेवढा वेळ उरला होता तेवढं मशीन आईला मिळालं.

मग गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने गोदामात शोधून तसलंच नवं बटण काढलं, डबीतलं, न वापरलेलं. ते बसवलं. तोही हाताने दाबून बघून म्हणाला, “आता तुमच्यानंतरही चालेल.” बोलायची पद्धत बघ.

शुक्रवारी नवं बटणही लागलं नाही.

मी तुला खरं सांगतो, त्या दिवशी मी गाडीत एकटा बसून तिला लाथा घातल्या. आई आत मशीनला होती. या गाडीने मला कधी फसवलं नाही. तुझ्या जन्माच्या वेळी आईला यातूनच नेलं. आता आईला जगायला फक्त एवढंच हवं आहे, की समोरून गाडी आली की झोत खाली यावा. बाकी सगळं मी करतो आहे. तेवढंच होत नाही.

तुला सगळ्या जुन्या गाड्यांची माहिती असते. एक ओळ लिही. मला उद्देशून नको असेल तर आईच्या नावाने लिही.

बाबा

२० नोव्हेंबर, शुक्रवार

फोरमन!

सापडलं! अर्थिंग! गुरुवारी पुढच्या चाकाच्या वरचा पत्रा खरवडला, रंगाखाली गंजाचा पापुद्रा होता. अर्थची तार नव्या नटाने आवळली. आणि आज सकाळी पहिल्या ट्रकला दाबलं तर क्षणभर थांबून झोत खाली! दुसऱ्याला खाली! शेवटपर्यंत एकदाही दगा नाही. जुनी खोड तेवढी तशीच राहिली, विचार करून लागायची, पण लागलं.

आईलाही आज जरा बरं होतं. म्हणाली, मागे गुदमरल्यासारखं होतं, मी पुढे बसते. सलग सीट आहे, सरकत सरकत अगदी माझ्याजवळ आली. मी म्हटलं, अगं, या वयात इतकं खेटून बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील? म्हणाली, अंधारात कोण बघतंय. पूर्वीही ती अशीच बसायची, दोन वर्षांपासून तर फारच. थंडी सोसत नाही तिला.

येताना उजेड होता. आईने संत्रं सोललं. तिला एकच फोड खायची परवानगी आहे, उरलेलं मी खाल्लं. फार दिवसांनी असं झालं. तुला सांगावंसं वाटलं.

बाबा

२५ नोव्हेंबर, बुधवार

काल पुन्हा गेलं.

आई मागे झोपली होती, रात्रभर तिला श्वास लागला होता. खाणीच्या फाट्यावर समोरून ट्रक आला. मी विश्वासाने दाबलं. काही नाही. त्यानेही दिवे वर टाकले. मला पांढरं सोडून काही दिसेना. गाडी डावीकडे घेतली आणि ती रस्ता सोडून खडीच्या ढिगात घुसली. आई सीटवरून खाली पडली. हाताला जिथे सुया टोचतात, नेमकं तिथेच लागलं. मी तिला उचलायला गेलो तर म्हणाली, “अहो, माझं राहू द्या, तुमची चप्पल कुठे आहे?” माझ्या एका पायात चप्पल नव्हती. मी खडीवरून तसाच चालत आलो होतो. डाव्या तळव्यातून रक्त येत होतं.

आम्ही उजाडेपर्यंत तिथेच बसलो. मग परत आलो. कालचं डायलिसिस झालं नाही. आईचा चेहरा सुजला आहे, डोळे उघडायला त्रास होतो. शुक्रवारची पाळी चुकली तर जागा दुसऱ्याला देऊ, असा हॉस्पिटलातून फोन आला.

माझी अक्कल संपली. मी काही मागत नाही, पण तुला काही माहीत असेल आणि तू माझ्यावरच्या रागाने सांगत नसशील, तर सांग.

बाबा

२९ नोव्हेंबर, रविवार

बाळ,

शुक्रवारी बसने गेलो. आईला उभं राहावं लागलं. पाळीतला उरलेला वेळ मिळाला. जागा तेवढी टिकली.

आज टेलरना म्हटलं, एकदा उलट करून बघू. तुम्ही गाडीत बसा, मी समोर उभा राहतो. ते बसले. दिवसभर शिलाई मशीनचं पायडल मारणारा माणूस, त्यांना पायाने दाबायला काय अडचण? खाली, वर, खाली, वर. एकदाही चुकलं नाही. मग मी बसलो आणि ते समोर गेले. मी दाबलं.

“दाबा की,” टेलर म्हणाले.

“दाबलं.”

“नाही दाबलं, काका.”

“अहो, दाबतोय!”

ते चालत दारापाशी आले, आत वाकून माझ्या पायाकडे बघत राहिले. म्हणून मीही खाली बघितलं. माझा पाय बटणावर नव्हता. बटणाच्या शेजारी, नुसत्या पत्र्यावर होता, आणि मी जीव खाऊन पत्रा दाबत होतो. पाय डोळ्यांनी बघत उचलून बटणावर ठेवला. तिथे ठेवल्यावरही मला तो कळेना. बटण आणि पत्रा, दोन्ही सारखेच. डोळे मिटले की पाय नाहीच.

क्लच दाबताना हे कधी जाणवलं नाही. तो मोठा असतो, गुडघ्याने दाबला जातो. बटणाला तळवा लागतो. माझा तळवा कधी गेला ते मलाच कळलं नाही. भाजलेला फोड, खडी, चप्पल, सगळं समोर होतं. आणि मी दिव्यापासून मागे मागे येत तारांपर्यंत आलो, बटणापर्यंत आलो आणि तिथे थांबलो. त्याच्या पुढे मी होतो.

टेलर दुकानात शिलाई राहिली आहे म्हणून निघून गेले. रविवारी त्यांचं दुकान बंद असतं.

मी आईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, डिपरमध्ये काही बिघाड नाही. ती म्हणाली, “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली. बाजारातून येत होतो. तुम्ही दाबत होतात आणि ते लागत नव्हतं. मी खाली बघितलं, तर तुमचा पाय भलतीकडेच. मग मी माझा पाय घातला.”

ती बोलत राहिली. आधी मला दाबू द्यायची. झोत खाली आला नाही, की सरकून स्वतःच्या उजव्या पायाने दाबायची. तेवढा क्षणभर उशीर व्हायचा. त्याला मी जुन्या मालाची खोड म्हणत होतो. डोकं ठिकाणावर असलेला कुठलाही इलेक्ट्रिशियन सांगेल, बटण विचार करत नसतं. मी खेटून बसण्यावरून तिची चेष्टा करत होतो.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय झालं असतं? तुम्ही गाडी सोडली नसती, तर रोज भांडण. आणि सोडली असती तर… गाडी गेली की तुम्ही नुसते खाटेवर बसून राहाल, ते मला बघवलं नसतं. आणि माझ्यासाठी तुम्ही काहीतरी करताय, हे तुम्हाला बरं वाटत होतं.”

गेल्या वेळी आलीस तेव्हा तू गाडीत मागच्या सीटवर होतीस. तू आईचा पाय पाहिलास. म्हणून किल्ली लपवलीस, आणि आईने शपथ घातली म्हणून मला कारण सांगितलं नाहीस. माझं बोलणं तू ऐकून घेतलंस आणि गेलीस. हेही आज आईनेच सांगितलं.

आता मला कोणाचा राग येत नाही. येणार कोणाचा?

बाबा

४ डिसेंबर, शुक्रवार, पहाट

बाळ,

मंगळवारचं लिहितो आणि पत्र संपवतो. वेळ थोडा आहे.

सोमवारी मी म्हटलं, आता बसच. आई म्हणाली, बसने मी पोचायच्या आधीच मरेन, मी पुढे बसते, सवय आहे मला. मी नको म्हणायला हवं होतं. पण बसमध्ये ती दांड्याला लोंबकळताना मी पाहिली होती. निघालो. ती पुढे, माझ्याजवळ, पाय बटणावर. मी दाबायचं नाटकही केलं नाही. ट्रक दिसला की मी म्हणायचो, “हं,” आणि ती दाबायची. झोत लगेच खाली. दोन वर्षांत पहिल्यांदा डिपर लगेच लागला. तिने माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला, सुजलेल्या तोंडाने नीट हसता आलं नाही.

पुलावर मी “हं” म्हटलं आणि झोत वरच राहिला. पुन्हा म्हटलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. ती झोपली होती की काय झालं होतं ते मला बघता येईना, कारण समोर ट्रक होता. मी दिवे पूर्ण बंद केले, आणि अंधारात, कठडा कुठे आहे ते न दिसता, आम्ही तो पूल ओलांडला. पलीकडे जाऊन हाक मारली तेव्हा तिने डोळे उघडले. म्हणाली, “लागलं ना?”

“लागलं,” मी म्हणालो.

पोचलो तेव्हा तिला उतरता येईना. त्या पायात पेटका आला होता, वाटभर एकाच जागी उचलून धरला होता ना. सिस्टरने खुर्ची आणली. मी तिला माझाही पाय दाखवला. तिने टाचणी टोचली आणि विचारलं, कुठे टोचतेय सांगा. मी दुसरीकडे बघत होतो, मला सांगता आलं नाही. साखरेमुळे आलेलं बधिरपण घोट्याच्या वरपर्यंत गेलं आहे. परतीच्या वाटेवर ऊन होतं, दिव्यांचं काम नव्हतं. ती माझी शेवटची फेरी.

आजपासून बस. पाळीतलं जेवढं उरेल तेवढं. डॉक्टर म्हणतात, एवढ्यावर फार दिवस निघणार नाहीत. मी विचारलं किती, तर ते कागदाकडे बघायला लागले.

बटण हाताने लागतं, टेलरच्या पायाने लागतं, तुझ्या पायाने लागेल. अर्थिंग नवं आहे, तारा साफ आहेत, होल्डर घासलेले आहेत. गाडीत आता कसलाही दोष नाही. ये, असं मी लिहीत नाही. तुझी तिकडची नोकरी, तुझं घर, मला कळतं. किल्ली या पाकिटात घालतो आहे. मागच्या वेळी तू ठेवलीस तिथून मी काढली होती. आता तुझ्याकडेच असू दे, नाहीतर आईचा चेहरा बघून मी पुन्हा निघेन.

आजपासून गाडी नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही. ती अंघोळ करून, शाल घेऊन, मला हाक न मारता भिंतीला धरत धरत अंगणात गेली आहे. मी खिडकीतून बघतो आहे. पुढच्या सीटवर, मधे सरकून बसली आहे आणि वाकून, दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलून, बटणावर ठेवते आहे.

बाबा